आठ फुटांचा सूर

संगीत नाटकाच्या साथीला वाजणारा ऑर्गन ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना एक गोष्ट खटकली असेल. पट्ट्यांच्या वर ओळीने खुंट्या असतात आणि त्यांवर नावाशेजारी '८ फूट', '४ फूट' असे लिहिलेले असते. बालगंधर्वांच्या काळापासून मराठी रंगभूमीवर रुळलेले हे वाद्य सबंध मोजले तरी आठ फूट भरत नाही. आत तर बोटाएवढ्या पितळी पट्ट्या, ज्यांना पेटीवाले 'सूर' म्हणतात. मग हे फूट कशाचे?

ते आले चर्चमधल्या पाइप ऑर्गनकडून. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. मावळातल्या आंबीच्या शाळेतील मुलांना तो पाहायचा तर मुंबई गाठावी लागेल; पण त्यामागचे विज्ञान समजायला भजनी मंडळाची पेटी, एक तंबोरा आणि पी.व्ही.सी. नळीचा तुकडा एवढे साहित्य पुरते.

पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र नळी असते. पट्टी दाबली की भात्यातली हवा नळीच्या तोंडाशी असलेल्या धारेवर आदळते आणि आतला वायुस्तंभ कंप पावतो. बासरीत होते तेच. हवेचा दाब फार नसतो. यू-आकाराच्या नळीत पाणी भरून मोजला तर साधारण ७-८ सेंटिमीटर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी! नळ्यांचा एक पूर्ण संच म्हणजे एक 'स्टॉप'. खुंटी ओढली की तो संच बोलू लागतो. ६१ पट्ट्यांच्या वाद्यात असे दहा संच असले तरी सहाशेच्या वर नळ्या झाल्या.

'८ फूट' म्हणजे त्या संचातल्या सर्वांत डावीकडच्या पट्टीच्या, म्हणजे खालच्या पांढरी एकच्या नळीची लांबी. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीची कंपनसंख्या म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर; वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर उत्तर ७० येते. प्रत्यक्षात हा सूर ६५ च्या आसपास असतो. विद्यार्थ्याने हा फरक दाखवला तर त्याला शाबासकी द्यावी. कंप पावणारी हवा नळीच्या टोकांशी थांबत नाही, थोडी बाहेरही डोकावते. त्यामुळे वायुस्तंभ नळीपेक्षा लांब ठरतो.

आता खरी गंमत. तीच पट्टी ४ फुटी संचावर वाजवली तर सूर एक सप्तक वर जातो आणि १६ फुटी संचावर एक सप्तक खाली. आपल्या पेटीतले खर्ज, नर आणि मादी सूर हेच काम करतात. पण पाइप ऑर्गनवर २ पूर्णांक २/३ फूट, १ पूर्णांक ३/५ फूट असेही विचित्र आकडे आढळतात. ते विचित्र नाहीत. आठाला १, २, ३, ४, ५ ने भागून पाहा: ८, ४, २ २/३, २, १ ३/५. आठ फुटी सूर षड्ज मानला तर पुढचे सूर क्रमाने वरच्या सप्तकातला षड्ज, तिथलाच पंचम, आणखी वरचा षड्ज आणि त्या सप्तकातला गंधार. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच, पाचवा स्वरांश! तंबोऱ्याची तार हे स्वरांश आपोआप देते. ऑर्गनवादक ते खुंट्या ओढून, हवे तेवढेच मिसळतो. पंचमाचा संच एकटा वाजवला तर 'सा' दाबून 'प' ऐकू येतो आणि कान गोंधळतो. आठ फुटीत तो हलकेच मिसळला तर मात्र पंचम वेगळा कळत नाही, फक्त सुराचा रंग बदलतो.

रंग बदलण्याचे दुसरे साधन म्हणजे नळीचा घाट. अरुंद नळीत वरचे स्वरांश जोरकस असतात, त्यामुळे आवाज तंतुवाद्याकडे झुकतो. रुंद नळीचा आवाज गोल, बासरीसारखा. एक टोक बंद केले तर निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो, पण त्यात प्रामुख्याने विषम स्वरांश उरतात आणि आवाज पोकळ वाटतो. हे वर्गात करून पाहता येते. सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची पी.व्ही.सी. नळी घ्या. एका टोकावर तळहात आपटून तिथेच ठेवा: सेकंदाला सुमारे २०० कंपनांचा सूर. आपटून लगेच उचला: सूर एक सप्तक वर. नळी मात्र तीच!

काही संचांत धारेऐवजी पितळी जीभ असते आणि तिच्यावर शंकूसारखी नळी. जीभ सूर ठरवते, नळी त्याला तुतारीचा बाज देते. नाटकातल्या ऑर्गनमध्ये नळ्या वगळून जिभाच ठेवल्या, आकडे मात्र जुनेच राहिले. त्याचा भाता हवा ढकलत नाही, ओढून घेतो. हातपेटीच्या अगदी उलट.

चर्चमधल्या वादनाच्या कार्यक्रमात हे सारे रंग दाखवायची पद्धत असते. एकच धून परिवर्तने करीत वाजवतात आणि दर खेपेला संच बदलतात. पट्टी कितीही जोराने दाबली तरी आवाज वाढत नाही, म्हणून लहानमोठेपणासाठी संच वाढवावे लागतात किंवा काही नळ्या ज्या लाकडी कोठीत असतात तिच्या झडपा पायाने उघडाव्या लागतात. बाखच्या (१६८५-१७५०) सहा ट्रिओ सोनाटांत तर दोन हात आणि दोन पाय मिळून तीन स्वतंत्र ओळी चालवतात. तिन्हींचे संच वेगळे ठेवले की एकच वादक तिघांसारखा ऐकू येतो. ऑर्गनची खरी परीक्षा इथे होते असे मला वाटते. सगळ्या खुंट्या ओढून भिंती हादरवणे त्या मानाने सोपे.

कार्यक्रमाआधी सूर जुळवणाऱ्याला हवामानही पाहावे लागते. हवा २० अंशांवरून ३० अंशांवर गेली की ध्वनीचा वेग ३४३ वरून ३४९ होतो आणि साध्या नळ्या लगतच्या पट्टीच्या अंतराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने चढतात. जिभांचे सूर मात्र जवळजवळ जागीच राहतात. साध्या नळ्या शेकड्यांनी, जिभांचे संच थोडे. म्हणून जुळवणारा जिभांनाच हात लावतो.