जलरेषा
शांत पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजाच्या सांगाड्याला पाण्याचा पृष्ठभाग जेथे टेकतो, त्या रेषेस जलरेषा म्हणतात. ही रेषा स्थिर नसते. आर्किमिडीज यांच्या तत्त्वानुसार तरंगणारे जहाज स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. म्हणून माल वा इंधन चढविले की जहाज खाली बसते व जलरेषा वर सरकते. जलरेषेपासून तळाच्या कण्यापर्यंतच्या खोलीस ड्राफ्ट म्हणतात. ही खोली दर्शविणारे आकडे जहाजाच्या पुढील व मागील भागांवर रंगविलेले असतात. मेट्रिक पद्धतीत प्रत्येक आकडा १० सेंमी. उंच असून त्याची खालची कड खोली दाखविते. दोन्ही टोकांच्या ड्राफ्टमधील फरकास ट्रिम ही संज्ञा आहे.

जलरेषेपासून मुख्य डेकपर्यंतची उंची म्हणजे फ्रीबोर्ड. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती वाया गेलेली जागा होय. परंतु जहाजाची राखीव उत्प्लावकता तिच्यातच असते. लाटांचे पाणी डेकवर आले किंवा एखाद्या कप्प्यात शिरले, तरी पाण्यावरील हा जलाभेद्य भाग जहाजाला तोलून धरतो. तो कमी असल्यास जहाज थोडे कलंडताच डेकची कड पाण्याखाली जाते व सावरण्याची शक्ती झपाट्याने घटते.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये या बाबतीत जहाजमालकांवर परिणामकारक बंधन नव्हते. जुनी जहाजे बेसुमार भरली जात आणि विमा भरपूर असल्याने जहाज बुडाले तरी मालकाचे नुकसान होत नसे. अशा जहाजांना खलाशी ‘शवपेट्या’ म्हणत. करारावर सही केल्यानंतर अशा जहाजावर जाण्यास नकार देणाऱ्या खलाशास मात्र तुरुंगवास घडे. सॅम्युएल प्लिमसोल (१८२४–९८) या डर्बीच्या संसद सदस्याने १८७३ मध्ये पुस्तक लिहून हा प्रश्न लोकांपुढे आणला. जुलै १८७५ मध्ये सरकारने विधेयक मागे टाकताच त्याने सभागृहातच संतापून सदस्यांना दूषणे दिली. लोकमताच्या दडपणाखाली १८७६ चा कायदा होऊन जहाजांवर भाररेषेची खूण सक्तीची झाली. तथापि ती कोठे काढावी हे मालकाच्याच मर्जीवर राहिले, त्यामुळे कायदा बराचसा पोकळ ठरला. ही उणीव १८९० च्या कायद्याने दूर झाली. १९३० मध्ये लंडन येथे पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची जागा १९६६ च्या कराराने घेतली व तो १९६८ मध्ये अंमलात आला.

प्लिमसोलचे नाव मिळालेली ही खूण जहाजाच्या दोन्ही बाजूंस, लांबीच्या मध्यावर असते. ३०० मिमी. व्यासाच्या कड्यातून ४५० मिमी. लांबीची आडवी रेषा जाते. तिची वरची कड कड्याच्या मध्यबिंदूतून जाते व ती उन्हाळी भाररेषेची पातळी होय. शेजारी शिडीसारख्या रेषा असतात. उष्ण कटिबंधीय रेषा उन्हाळी ड्राफ्टच्या १/४८ भागाने वर, तर हिवाळी रेषा तितकीच खाली असते. १०० मी. पर्यंतच्या जहाजांना उत्तर अटलांटिकमधील हिवाळ्यासाठी आणखी ५० मिमी. खालची रेषा पाळावी लागते. अरबी समुद्रात शांत ऋतूत उष्ण कटिबंधीय रेषेपर्यंत माल भरता येतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मात्र उन्हाळी रेषा ओलांडता येत नाही.

गोड्या पाण्याची रेषा वेगळ्या कारणास्तव आहे. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १·०२५ असते, गोड्या पाण्याची १. त्यामुळे कोलकात्यासारख्या नदीवरील बंदरात जहाज अधिक बुडते आणि समुद्रात पोहोचल्यावर आपोआप वर येते. तेवढी सूट ही रेषा देते.

मालाचे वजन काढण्यासही जलरेषा उपयोगी पडते. लोहखनिज, कोळसा यांसारखा सुटा माल भरण्यापूर्वी व नंतर ड्राफ्टचे आकडे वाचून, ट्रिम व पाण्याची घनता यांसाठी दुरुस्ती करून आणि इंधन, पाणी यांतील बदल वजा करून चढविलेल्या मालाचे वजन ठरवितात. लाटा असताना आकडे अचूक वाचणे कठीण असते, म्हणून त्यांची सरासरी घेतात.