निजामशाहीचे रुपे आणि नाणेसंग्राहक

बहमनी फौजेचा पराभव करून मलिक अहमदाने १४९० साली स्वतंत्र राज्य स्थापिले व १४९४ मध्ये अहमदनगर वसविले. या नवस्वतंत्र राज्याचे चांदीचे नाणे आपल्या संग्रही असावे, असे पुष्कळांस वाटते. फसगत होते ती येथेच. निजामशाहीची ज्ञात नाणी प्रामुख्याने तांब्याची आणि बहुतांशी मुर्तझा निजामशाहाच्या (१५६५-१५८८) काळापासूनची आहेत. चांदी व्यवहारात नव्हतीच, असे मात्र नव्हे. जुने बहमनी टंके काही एका दिवसात नाहीसे झाले नसणार. शिवाय चौल बंदरातून इराणी आखाताकडील लारी, म्हणजे दुमडलेल्या रुपेरी तारेचे नाणे, येत असे.

मग ज्या रुपयावर ‘अहमदनगर’ हे टांकसाळीचे नाव आढळते, तो कोणाचा? बहुधा मोगलांचा. १६०० मध्ये नगरचा किल्ला त्यांच्या हाती गेला. यास्तव टांकसाळीचे नाव पाहून हुरळून न जाता बादशहाचे नाव व सन आधी वाचावेत. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या नाण्यावर नेमकी हीच अक्षरे पुसट होतात. नाणे कोठे व कोणत्या नाण्यांसमवेत मिळाले, याची नोंदही हवी. सराफाच्या मुशीतून ती परत मिळत नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो.