९९९९ इन वन

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर नळाच्या तोट्या, गंजके पाने आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात टीव्ही गेमची एखादी पिवळी कॅसेट दिसते. वर उडी मारणारा मारिओ आणि ठळक अक्षरांत '९९९९ इन वन'. विकणाऱ्याला ती नेमकी कशाची, हे बहुधा ठाऊक नसतं. त्यामुळे भाव कॅसेटचा नसतो, आपल्या चेहऱ्याचा असतो. चेहरा कोरा ठेवावा आणि आधी शेजारच्या पान्याचा भाव विचारावा.

भावाचं दुसरं टोक पाहा : जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४'ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना लिलावात गेली. या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या, म्हणजे दुर्मीळ होतं ते न फोडलेलं वेष्टन. ज्याला खेळायचं आहे त्याने या शर्यतीत उतरूच नये. माझं मत त्याहून थोडं पुढचं आहे : आपल्याकडच्या माणसाने अमेरिकन याद्या समोर ठेवून संग्रह करूच नये. आपल्या घरांत जे आलं ते जमवावं. ते स्वस्तही पडतं आणि खरंही असतं.

आपल्या घरांत आलं काय? निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला 'फॅमिकॉम' हा टीव्ही गेम बाजारात आणला. त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याची. अमेरिकेत तोच यंत्रगाभा १९८५ मध्ये करड्या खोक्यात, 'एनईएस' नावाने गेला. जपानी कॅसेटला ६० पिना, अमेरिकनला ७२. नव्वदच्या दशकात 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी आपल्याकडे विकले गेलेले टीव्ही गेम हे बहुतांशी जपानी घराण्यातले, तेही बिनपरवाना नक्कल केलेले. पुरावा आपल्या आठवणीतच आहे. 'टँक' म्हणून आपण जो खेळायचो तो नामकोचा १९८५ सालचा 'बॅटल सिटी'. अमेरिकेत एनईएससाठी तो कधी निघालाच नाही. 'सर्कस'चंही तेच. सुट्टीत आपल्या गल्लीतली पोरं जे खेळत होती, ते अमेरिकेतल्या पोरांना दुकानात मिळत नव्हतं.

आता त्या ९९९९ विषयी. यादीची पानं उलटत गेलं की थोड्या वेळाने तेच खेळ नवी नावं लावून परत येतात. कुठे दुसऱ्या लेव्हलपासून सुरुवात, कुठे जास्तीचे जीव. मोजून वेगळे खेळ निघतात ते मूठभर. फसवणूकच ती, पण गमतीची. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं 'शुभ सकाळ'चं चित्रही बहुधा त्याहून मोठं असतं.

विकत घेताना कॅसेटच्या पिना पाहाव्यात. हिरवट झाल्या असतील तरी घाबरू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी एवढ्यावर बऱ्याच कॅसेटी जाग्या होतात. फुंकर मात्र मारू नये. लहानपणी आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. स्वस्त कॅसेट उघडली तर आत चिपच्या जागी डांबरासारखा काळा थेंब दिसतो. तो खराब झाला की दुरुस्ती नाही, नाद सोडावा.

अडाप्टरच्या बाबतीत मी शहाणपण विकत घेतलं आहे. मूळ फॅमिकॉमच्या पिनेत आत ऋण आणि बाहेर धन असतं, आजच्या बहुतेक अडाप्टरांत नेमकं उलटं. त्या घराण्यातल्या एका खोक्याला मी घाईत राउटरचा अडाप्टर लावला. बारीक धूर आला आणि खेळ संपला. तेव्हापासून खोक्यावरची खूण वाचल्याशिवाय बटण दाबत नाही.

बदकं मारायची बंदूक मिळाली तर जुना काचेच्या नळीचा टीव्ही हवाच. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक तो उजेड टिपते. सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून नेम साधत नाही. असा जुना टीव्ही कुणी फुकटही देतं, फक्त तीन जिने उतरवायला मदत मागतं.

कॅसेटींच्या पुढे जायचं असेल तर प्लेस्टेशन २ कडे वळावं. २००० साली आलेलं हे यंत्र जगभरात १५ कोटींहून अधिक विकलं गेलं, त्यामुळे ते अजूनही आवाक्यात आहे. त्यावर खास भारतासाठी निघालेले खेळ आहेत : हैदराबादेत घडलेला 'हनुमान : बॉय वॉरियर' (२००९), विटीदांडू-कबड्डीच्या मातीतला 'देसी अड्डा', आणि मुंबईच्या ट्राइन स्टुडिओचं गल्लीक्रिकेट. खेळ म्हणून 'हनुमान' सुमार आहे, हे मी स्पष्ट सांगतो. तरी डबा आणि पुस्तिकेसह दिसला तर सोडू नका.

घराची साफसफाई उरकली असली तरी माळा बहुधा राहिला असेल. तिथे जुना टीव्ही गेम सापडला तर खोक्याबरोबरचं वॉरंटी कार्ड आणि दुकानाची पावती तेवढी फेकू नका. कोणत्या साली, कुठून, किती रुपयांना आणला, हे आई-वडिलांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी डब्यात ठेवा.