मळणी यंत्राचा पट्टा : ताण बघा, पण इंजिन बंद करून

सुगी आली की मळणी यंत्राला उसंत नसते. मध्येच पट्टा घसरतो, जळका वास येतो, ड्रमचा वेग पडतो अन् दाणे भुसात जातात. मग घाईत कोणीतरी चालत्या पट्ट्यावर राळ टाकतो. शेतकरी बंधूंनो, घात इथेच होतो. बाही किंवा पदर अडकला, तर हात गेलाच म्हणून समजा.

आधी इंजिन बंद करा, चाके पूर्ण थांबू द्या. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते दोरी लावून पाहा. मग व्ही-पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. पुल्यांत तीन फूट अंतर असेल, तर साधारण अर्धा इंच दबावा. सैल राहिला तर घसरेल, अति ताणला तर बेअरिंग खाईल. तेल-ग्रीस लागू देऊ नका. जोडीतला एक पट्टा तुटला तरी सगळे बदला, नाहीतर नव्यावरच सारा भार येतो.

मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला. पण काढून ठेवलेली जाळी कायदा येऊन बसवणार नाही. सरपंचांनी सुगीआधी खळ्यांवर एक फेरी मारावी. आधी जाळी, मगच मळणी!