नवा संगणक आणि जुनीं छायाचित्रें



आपल्या शाळेच्या ग्रंथालयांत मुख्यतः दोन वस्तु आहेत : एक नोंदवही आणि दुसरीं कपाटें. नोंदवहींत पुस्तकाचें नांव, कर्त्याचें नांव आणि कपाटाचा क्रमांक लिहिलेला असतो. पुस्तक मात्र कपाटांत असतें. नोंदवही फाटली म्हणून पुस्तकें नाहींशीं होत नाहींत, आणि कपाट रिकामें झालें तरी नोंदवहींतील नांवें जशींच्या तशीं राहतात. इतकी उघड गोष्ट सांगण्याचें प्रयोजन काय, असें तुम्ही म्हणाल. परंतु हिचाच विसर पडल्यामुळें २०२४ सालच्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरचीं सुमारें दोन हजार छायाचित्रें कायमचीं जाण्याच्या बेतांत होतीं. तो प्रसंग आणि त्यावरून मिळालेला धडा येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या घरीं २०१४ सालीं घेतलेला एक मॅक संगणक होता. त्यांतील 'फोटोज' नांवाच्या संग्रहांत दहा वर्षांचीं ९,२१४ छायाचित्रें सांठलीं होतीं. मुलांचें बाळपण, आप्तांचीं लग्नें, शाळेच्या सहली, आणि २०१८ सालीं आम्हांस सोडून गेलेली माझी आई, हें सारें त्यांत होतें. नवा संगणक घरीं आला तेव्हां जुना संगणक दोन दिवसांनीं दुकानदारास परत द्यावा, म्हणजे किंमतींत कांहीं सवलत मिळेल, असें ठरलें होतें. मीं तो संग्रह एका बाहेरील डिस्कवर उतरविण्यास आरंभ केला. बराच वेळ झाला, रात्र झाली, पडद्यावरील पट्टी हलेना. काम संपलें असावें अशी समजूत करून घेऊन मीं तार काढली. पडद्यावर एक सूचना उमटली. तीही मीं न वाचतांच मिटविली. ह्यांत दोष संगणकाचा नव्हता, माझ्या उतावीळपणाचा होता.

दुसऱ्या दिवशीं डिस्कवरील संग्रह नव्या संगणकांत घेतला व उघडला. प्रथम सर्वत्र करडे चौकोनच दिसले. कांहीं वेळानें बरींच चित्रें उमटलीं, परंतु मधून मधून चौकोन कोरेच राहिले. एकाच लग्नांतील एक चित्र नीट उघडत असे, त्याच्या शेजारचें उघडत नसे. खालीं मात्र संख्या दिसत होती ९,२१४. माझा मुलगा म्हणाला, "पप्पा, संख्या तर बरोबर आहे. म्हणजे सगळे फोटो आलेच आहेत. जुना संगणक आतां पुसून टाकूं या ना?" मीं होकार देणार, इतक्यांत आईचें एक चित्र पाहण्याची इच्छा झाली. २०१६ सालच्या नाताळांत ती चुलीपाशीं करंज्या तळीत बसली होती, तें तें चित्र. त्याच्या जागीं करडा चौकोन होता. तेव्हां मात्र मी खाली बसलों, आणि 'आज कांहींही पुसावयाचें नाहीं,' असें मुलास सांगितलें.

आतां हा संग्रह आंतून कसा असतो तें पाहूं. पडद्यावर तो एकच वस्तु असल्यासारखा दिसतो. वस्तुतः ती एक पेटी आहे. त्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'शो पॅकेज कंटेंट्स' हा पर्याय निवडला म्हणजे पेटीचें झांकण उघडतें. आंत 'डेटाबेस' नांवाचा एक भाग असतो. ही आपली नोंदवही. 'ओरिजिनल्स' नांवाचा दुसरा भाग असतो, हीं कपाटें. 'रिसोर्सेस' नांवाच्या तिसऱ्या भागांत चित्रांच्या लहान लहान प्रतिमा ठेवलेल्या असतात. आंत केवळ पाहावें. एकही वस्तु हलवूं नये, नांव बदलूं नये. नोंदवहीस न कळवितां पुस्तक दुसऱ्या कपाटांत ठेविलें, तर ग्रंथपालास तें सांपडेल काय ?

'ओरिजिनल्स' ह्या भागांत सोळा कप्पे असतात. त्यांचीं नांवें ० पासून ९ पर्यंतचे अंक आणि पुढें ए, बी, सी, डी, ई, एफ हीं सहा अक्षरें. संगणक प्रत्येक चित्रास एक लांबलचक सांकेतिक नांव देतो, व त्या नांवाच्या पहिल्या चिन्हावरून कप्पा ठरतो. ह्या नांवाचा चित्राच्या तारखेशीं कांहींएक संबंध नसतो. म्हणून एकाच दिवशीं घेतलेलीं दहा चित्रें दहा निरनिराळ्या कप्प्यांत पडूं शकतात.

हें ध्यानांत येतांच कोऱ्या चौकोनांचें कोडें उलगडूं लागलें. मीं प्रथम दोन्ही संग्रहांचें आकारमान पाहिलें. चिन्ह निवडून कमांड व आय ह्या कळा एकदम दाबल्या म्हणजे तें दिसतें. जुन्या संगणकांतील संग्रह ९४ गिगाबाइट होता. डिस्कवरील प्रत ६४ गिगाबाइटच होती. मग प्रतीची पेटी उघडली. नोंदवही पूर्ण उतरली होती, म्हणूनच संख्या बरोबर दिसत होती. कप्पे मात्र बी पर्यंतच पूर्ण होते. सी अर्धा होता. डी, ई व एफ मुळींच नव्हते. लहान प्रतिमांचा भागही आला नव्हता. म्हणजे मीं तार काढली त्या क्षणीं सी ह्या कप्प्याचें काम चाललें होतें ! सोळांतील साडेतीन कप्पे गेले, म्हणजे दर सोळा चित्रांमागें तीन किंवा चार गेलीं. आणि तीं सर्व वर्षांतून विखुरलेलीं गेलीं.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. ह्या कार्यक्रमांत दुरुस्तीची एक सोय आहे. 'फोटोज' बंद करून ऑप्शन व कमांड ह्या दोन कळा दाबून धरल्या आणि तो पुन्हां उघडला, म्हणजे संग्रह दुरुस्त करावा काय असें तो विचारतो. ही सोय फार उपयोगाची आहे, परंतु ती मुख्यतः नोंदवहीची दुरुस्ती आहे. कपाटांत जें पुस्तक नाहीं तें कोणतीही दुरुस्ती निर्माण करूं शकत नाहीं. म्हणून कपाटें भरलेलीं आहेत अशी खात्री झाल्यावरच नोंदवहीस हात लावावा. आमच्या प्रसंगीं दुरुस्तीचा उपयोग नव्हता. पुन्हां प्रत करणें हाच उपाय होता, आणि तो जुना संगणक अद्याप घरांत होता म्हणूनच शक्य झाला.

त्या रात्रीं डिस्कवरील अपुरी प्रत काढून टाकिली व नवी प्रत करण्यास ठेविली. संगणक झोपीं जाऊं नये अशी व्यवस्था केली. सकाळीं काम संपल्याची खूण दिसली. तेव्हां डिस्क रीतसर 'इजेक्ट' करून मगच तार काढली. दोन्हीकडील आकारमान ताडून पाहिलें, सोळाही कप्पे मोजले, आणि मग संग्रह नव्या संगणकांत घेतला. दहा वर्षांपैकीं प्रत्येक वर्षांतील पांच पांच चित्रें उघडून पाहण्याचें काम मुलाकडे दिलें. २०१६ सालाशीं येऊन तो थांबला व म्हणाला, "पप्पा, आजी आली !" कढईंतून निघणारी वाफ आणि तिच्या हातांतील झारा स्पष्ट दिसत होता.

अशा अडचणी सर्वांच्या एकाच कारणानें होत नाहींत. डिस्कची रचना ह्या संग्रहास मानवणारी नसली तरी तो नीट चालत नाहीं; मॅकच्या डिस्कसाठीं असलेली रचना, म्हणजे एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड, त्यास लागते. संगणकांत मोकळी जागा थोडी असली तर काम मध्येंच अडतें. आणखी एक घोटाळा फार जुन्या संग्रहांत आढळतो. २००२ सालीं 'आयफोटो' नांवाचा कार्यक्रम निघाला, आणि २०१५ सालीं 'फोटोज' नें त्याची जागा घेतली. त्या वेळीं जुन्या संग्रहाचा नवा संग्रह बनतांना मूळ चित्रांच्या दुसऱ्या प्रती केल्या जात नसत; एकाच पुस्तकाची दोन नोंदवह्यांत नोंद व्हावी, तसें होत असे. त्यामुळें संग्रह दोन दिसले तरी डिस्कवर जागा एकाचीच जाई. मात्र तेच दोन्ही संग्रह दुसऱ्या डिस्कवर उतरविले तर तेथें चित्रांच्या दोन प्रती होतात व जागा जवळजवळ दुप्पट लागते. हें ज्यास ठाऊक नाहीं तो गोंधळून नको तें पुसून बसतो.

बहुतेक घरीं असा संगणक नसेल. परंतु मोबाईल तर घरोघरीं बदलतात. तेथेंही नियम तेच आहेत. नव्या यंत्रांत दिसणाऱ्या संख्येवर किंवा लहान प्रतिमांवर विसंबूं नये. चित्र पूर्ण उघडून, मोठें करून पाहावें. जुन्या यंत्रांत कधीं कधीं केवळ लहान प्रती असतात व मूळ चित्रें दूरच्या सांठ्यांत असतात. अशा वेळीं तीं प्रथम उतरवून घ्यावीं. तसेंच, दोन यंत्रें एकमेकांशीं जोडलेलीं असणें म्हणजे दोन प्रती असणें नव्हे. आयक्लाउड फोटोजसारख्या व्यवस्थेंत एका यंत्रावर चित्र पुसलें कीं तें सर्व यंत्रांवरून जातें. खरी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि शक्य असल्यास वेगळ्या घरांत असावी.

आम्हीं जुना संगणक दुकानदारास दिला नाहीं. किंमतींतील सवलत गेली, तिचें वाईट वाटलें नाहीं. दोन महिने तो तसाच ठेविला, आणि एक प्रत माझ्या भावाच्या घरीं पोंचविल्यावरच तो पुसला. विद्यार्थ्यांनो, गणिताचें उत्तर पडताळा घेतल्यावांचून पुढें देऊं नका, असें आम्ही शिक्षक वर्गांत रोज सांगतों. नवें हातांत आलें असें वाटतांच जुनें टाकण्याची घाई होते, तेव्हांही तोच पडताळा घ्यावयाचा असतो. मीं तो एकदां घेतला नाहीं. दुसऱ्यांदां घेण्याची संधि मिळाली, हें माझें भाग्य.