जिभेवरचा चुकीचा नकाशा

टोकाला गोड, कडांना पुढे खारट आणि मागे आंबट, घशाजवळ कडू: जिभेचा हा नकाशा कित्येकांनी शाळेच्या वहीत रंगवलेला असतो. तो खरा मानायचा, तर गुढीपाडव्याला कडुनिंबाचे कोवळे पान पुढच्या दातांनी चावल्यावर तोंड कडू होता कामा नये. चोथा मागे सरकेपर्यंत वाट पाहावी लागेल. प्रत्यक्षात जिभेच्या शेंड्याला रस लागताच तोंड वाकडे होते. इतका ढळढळीत पुरावा असूनही नकाशा टिकला, कारण टोकावर ठेवलेली साखर खरोखरच गोड लागते. पडताळा मिळाला की आपण थांबतो. तीच साखर जिभेच्या मागच्या भागावर ठेवून पाहायला कोणी जात नाही.

चुकीचे मूळ मात्र एका प्रामाणिक प्रयोगात आहे. जर्मनीत डेव्हिड हेनिग यांनी जिभेच्या कडेने ठिकठिकाणी गोड, खारट, आंबट, कडू द्रावणांचे थेंब ठेवून कोणती चव किती सौम्य असतानाही ओळखता येते हे मोजले आणि १९०१ मध्ये निष्कर्ष छापले. संवेदनक्षमता जागेनुसार थोडी कमी-अधिक भरली, एवढेच. पुढे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात ही माहिती आलेखात मांडली. त्यात फरक नेमका किती, हे नीट कळत नव्हते. जिथे रेषा खाली गेली तिथे ती चव कळतच नाही, असे वाचणाऱ्यांनी गृहीत धरले आणि थोड्याशा फरकाच्या पक्क्या सरहद्दी झाल्या. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी १९७४ मध्ये पुन्हा मोजमाप केले, तेव्हा फरक आढळले, पण किरकोळ.

यावर कोणी म्हणेल, फरक आहे ना, मग नकाशा निदान ढोबळमानाने तरी बरोबर ठरतो. तसे नाही. नकाशा सांगतो की एका जागी एकच चव कळते, आणि जिभेची रचनाच याच्या विरुद्ध आहे. एकेका रुचिकलिकेत, म्हणजे चव टिपणाऱ्या सूक्ष्म पेशीसमूहात, साधारण ५० ते १०० पेशी असतात आणि वेगवेगळ्या चवी टिपणाऱ्या पेशी त्या एकाच कलिकेत शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये वेगळी ओळखलेली उमामी ही चव तर या नकाशात कुठेच नाही. मग कडू गोळी गिळताना घशाशीच कडवटपणा का रेंगाळतो? जिभेच्या मागच्या बाजूला उलट्या व्हीच्या आकारात मोजकेच मोठे उंचवटे असतात. प्रत्येकाभोवती खंदकासारखी खाच असते, तिच्या भिंतींवर रुचिकलिका दाटीवाटीने असतात आणि खाचेत रस साचतो. पण गोड रसही तिथे पोचला की गोडच लागतो. जिभेवर एक खरा नकाशा आहे, फक्त तो चवींचा नाही: मधल्या भागात रुचिकलिका फारच विरळ, तर टोक, कडा आणि मागचा भाग यांत भरपूर. शिवाय मऊ टाळूवरही त्या असतात, ज्याची दखल हा चवींचा नकाशा घेतच नाही.

सर्वांत बोलका पुरावा कानात सापडतो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागातील चव मेंदूकडे नेणारी कोर्डा टिम्पॅनी ही नस मध्यकर्णातून, पडद्याला अगदी लागून जाते. कानाच्या शस्त्रक्रियेत ती कधीकधी दुखावते किंवा कापावी लागते. नकाशा बरोबर असता, तर दोन्ही बाजूंची नस गेलेल्या माणसाला गोड आणि खारट जवळजवळ कळलेच नसते. पण असे निवडून चवी हरवत नाहीत: त्या भागात सगळ्याच चवी मंदावतात, आणि बाकीचे तोंड गोडासकट सर्व चवी टिपत राहते. एका बाजूची नस गेलेल्यांपैकी काहींना बरेच दिवस धातूसारखी चव जाणवते; पुष्कळांना तर जिभेचा एवढा भाग बंद पडल्याचे जेवताना लक्षातही येत नाही.