शहर कशाने होते?

शहर म्हणजे काय, असे वर्गात विचारले असता मुले उंच इमारती, मोटारी, दिव्यांचा झगमगाट अशी उत्तरे देतात. ती चुकीची नव्हेत, अपुरी आहेत. नगरपालिका नसलेल्या गावासही जनगणनेत शहर गणतात, ते तीन अटींवर : वस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरास निदान ४०० माणसे, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीखेरीज अन्य उद्योगांत. आमच्या मते मर्म या तिसऱ्या अटीत आहे.

पुण्याचेच पाहा. कसब्याभोवती पेशवाईत पेठा वसल्या, त्या दरबार व व्यापार यांच्या आश्रयाने. १९५० साली महानगरपालिका झाली. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने वाढत गेले आणि १९८२ साली तेथे स्वतंत्र महानगरपालिका आली. ज्या शिवारात ज्वारी होती तेथे पाळीचे भोंगे वाजू लागले.

माणसे का जातात? कोरडवाहू जमीन, तीही भावाभावांत वाटलेली. १९७२ च्या दुष्काळाने अनेकांचा उरलासुरला धीर खचविला. तरीही कोणी सहसा अनोळखी शहरी जात नाही. भावकीतला कोणी आधी गेलेला असतो, त्याच्या खोलीवर पहिला मुक्काम पडतो.

बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबाचे मूल मात्र पटावरून नाहीसे होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखल्यावाचून त्याचा प्रवेश अडविता येत नाही, हे पालकांस निघण्यापूर्वीच सांगावे; दाखलाही त्याच दिवशी हाती द्यावा.